प्रणयकथेतील श्वान

प्रणयकथेत नायक-नायिकेचा दैवयोग घडविण्याची मुखत्यारी पुष्कळदा श्वानाकडे असते.

● थॉमस हार्डी यांच्या ‘फार फ्रॉम द मॅडिंग क्राउड’ (१८७४) या कादंबरीत गेब्रिएलचा अननुभवी कुत्रा अतिउत्साहाने सुमारे दोनशे मेंढ्या खाणीत लोटतो, आणि एका रात्रीत निर्धन झालेला तो मेंढपाळ, जिने त्याची मागणी नाकारली, त्याच बाथशेबाच्या चाकरीत रुजू होतो.

● चेखव यांच्या ‘कुत्रेवाली स्त्री’ (१८९९) या कथेत याल्टाच्या बागेत गुरोव पांढऱ्या पॉमेरेनियनला चुचकारतो, तो गुरगुरताच बोट उगारून दटावतो, आणि त्या निमित्ताने त्याच्या मालकिणीशी, ॲनाशी, बोलण्याची सनद मिळवतो. पुढे तिच्या गावी तोच कुत्रा दिसताच गुरोवचे अंतःकरण असे धडधडते, की कुत्र्याचे नावच आठवत नाही, आणि प्रीतीची याहून निर्विवाद साक्ष कोणत्याही प्रेमालापाने दिली नसती.