गोळी गिळली, पण लस पोचली का?

एका वाचकाने विचारले आहे : पोलिओचे दोन थेंब पुरतात, मग बाकीच्या लशींना सुई कशाला?

पोलिओचा विषाणू मुळातच आतड्यातला रहिवासी. जठरातले आम्ल त्याच्या अंगवळणी पडलेले. प्रथिनाच्या तुकड्यापासून केलेली लस मात्र जठराच्या लेखी निव्वळ जेवण. त्यातून वाचलीच, तर पुढे आतड्यावर चिकट श्लेष्माचा थर. त्याखालच्या एम-पेशींनी लशीचा कण उचलून आत दिला, तरच प्रतिकारयंत्रणेला खबर लागते.

या श्लेष्मावर अलेक्झांडर बेस्रेदका यांनी काढलेला तोडगा मला फार आवडतो. हे गृहस्थ ओडेसाचे, म्हणजे ज्यांच्या नावाची संस्था आपल्या परळला आहे त्या हाफकिनांच्या गावचे, आणि त्यांच्यासारखेच पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये पोचलेले. हाफकिन सुई घेऊन हिंदुस्थानात आले. बेस्रेदकांनी गोळीचा ध्यास घेतला. आधी पित्त द्यायचे, म्हणजे श्लेष्मा धुऊन निघतो, आणि मागोमाग मेलेले जंतू. १९२०च्या दशकात पटकीवरची ही गोळी मद्रास इलाख्यात वापरूनही पाहिली गेली. पण पित्तामुळे लोकांना मळमळ आणि जुलाब होत. पटकीवरच्या गोळीनेच जुलाब! गोळी मागे पडली आणि बेस्रेदकाही विस्मरणात गेले.

आजचे संशोधक श्लेष्मा धूत नाहीत, त्यालाच चिकटू पाहतात. कोळंबी-खेकड्यांच्या कवचांपासून कायटोसान मिळते. त्यावर धन भार, श्लेष्मावर ऋण, त्यामुळे ते छान चिकटते. मेख अशी की ते आम्लात विरघळते आणि आतड्यात पोचेपर्यंत त्याचा भार बराच ओसरतो. समुद्री शेवाळातल्या अल्जिनेटचे नेमके उलटे : आम्लात आक्रसते, आतड्यात फुगून पोटातला ऐवज मोकळा करते. म्हणून दोघांचे थर एकावर एक चढवतात. विरघळणाऱ्या टाक्यांच्या जातीच्या पॉलिमरचे सूक्ष्म गोळेही करतात. त्यांत आकार महत्त्वाचा. साधारण १० मायक्रॉनपेक्षा मोठा गोळा एम-पेशी उचलतच नाहीत.

उंदरांवरचे निकाल झकास येतात आणि 'सुईला रामराम'चे मथळे झळकतात. मला हे मथळे पटत नाहीत. उंदराचे जठर आपल्याइतके आंबट नसते, आणि लस त्याच्या पोटात बहुधा नळीने थेट सोडलेली असते. शिवाय गरीब वस्त्यांतल्या मुलांचे आतडे वारंवारच्या जंतुसंसर्गाने सुजलेले असते, आईकडून आलेली प्रतिपिंडेही आड येतात. रोटाव्हायरसची तोंडावाटे द्यायची लस श्रीमंत देशांत ८५ टक्क्यांच्या वर काम करते. आशिया-आफ्रिकेतल्या गरीब देशांत ५०च्या आसपास. हा सगळा फरक वेष्टन बदलून भरून निघणार नाही.

पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटच्या रोटाव्हायरस लशीची पूड ज्या द्रावात कालवतात, त्यात आम्ल मारायला सायट्रेट आणि बायकार्बोनेट असते. म्हणजे जवळपास खायचा सोडाच. कायटोसानच्या कणांत भरलेली एकही लस अजून बाळांच्या नेहमीच्या लसीकरणात आलेली नाही. सोडा मात्र केव्हाच कामाला लागला आहे.