बाहुलीचे लग्न आणि शेजारची लग्ने



वैशाख लागला की लग्नांची धांदल सुरू होते, आणि मोठ्यांचे पाहून मुलेही अंगणात बाहुला-बाहुलीचे लग्न लावतात. रुमालाचा अंतरपाट धरतात, ज्वारीच्या अक्षता टाकतात. अशा खेळात एखादी मुलगी म्हणते, "आमच्याकडे असं नसतं." त्यावर दुसरे मूल सहज बोलून जाते, "मग ते लग्नच नव्हे!" दुजाभावाचे बी पेरायला एवढे एक वाक्य पुरते. त्या क्षणी घरच्या वडीलधाऱ्यांनी किंवा बालवाडीच्या बाईंनी काय सांगावे, एवढाच आजचा विषय आहे.

पाच-सहा वर्षांच्या मुलाला धर्मतत्त्वे कळत नाहीत. पण डोळ्यांना दिसणारी गोष्ट चटकन कळते. म्हणून त्याच्यापुढे तीनच प्रश्न ठेवावेत: साक्षीला कोण आहे? वचन कोणते दिले? आणि आनंदात सहभागी कोण?

नांदेड-लातूरच्या मुलांना उत्तरे शोधायला दूर जावे लागत नाही. हिंदू घरी मंगलाष्टके संपली की अंतरपाट दूर होतो. पुढे अग्नीच्या साक्षीने वधूवर सात पावले चालतात. जेथे सप्तपदीची रूढी आहे तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो, असे 1955 चा हिंदू विवाह कायदाही सांगतो. गुरू गोविंदसिंगांनी 1708 मध्ये ज्या नांदेडात देह ठेवला, तेथील शीख कुटुंबांत साक्ष गुरू ग्रंथसाहिबाची असते. चौथे गुरू रामदास यांनी रचलेल्या चार लावांचे पठण होते आणि प्रत्येक लावेला वधूवर ग्रंथसाहिबाभोवती एक फेरी घालतात. मग लंगरात सारे एका पंगतीला बसतात.

मुसलमान घरचा निकाह हा करार आहे. साक्षीदारांसमक्ष दोघांची कबुली घेतली जाते. वराने वधूला द्यावयाचा मेहर ठरतो, आणि त्यावर हक्क तिचाच असतो. पुढे वराकडून वलीम्याचे जेवण होते. 1956 मध्ये नागपूरला धम्मदीक्षा झाल्यानंतर रूढ झालेल्या बौद्ध विवाहात पांढऱ्या वस्त्रांतील वधूवर त्रिशरण-पंचशील म्हणून परस्परांना वचन देतात. ज्यांना कोणताच धर्मविधी नको, त्यांच्यासाठी 1954 च्या कायद्याने विवाह अधिकाऱ्यापुढे तीन साक्षीदारांसह सही करण्याची सोय आहे. तेही तितकेच खरे लग्न, हे मुलाला आवर्जून सांगावे.

यावर कोणी विचारील, शाळेत धर्म कशाला? शंका रास्त आहे. पूर्णपणे सरकारी पैशावर चालणाऱ्या शाळेत धर्मशिक्षण देता येत नाही, असे आपल्या राज्यघटनेचे 28 वे कलम सांगते. पण "हे करा" असे शिकवणे वेगळे आणि "शेजारी असे करतात" हे सांगणे वेगळे. पहिल्यात उपासना येते, दुसऱ्यात ओळख.

दोन पथ्ये मात्र पाळावीत. वर्गातील एकट्यादुकट्या मुलाला त्याच्या समाजाचा वकील करू नये. त्याला सांगावेसे वाटले तर सांगू द्यावे. दुसरे, लग्न बाहुलीचे लावावे, मुलांना नवरा-नवरी म्हणून बोहल्यावर उभे करू नये. आपल्या मराठवाड्यात बालविवाहाचे दुखणे अद्याप सरलेले नाही. मुलीला 18 आणि मुलाला 21 वर्षे पूर्ण झाल्यावाचून लग्न नाही, ही गोष्ट सर्वच घरांना सारखी लागू आहे, हेही याच खेळात सांगून टाकावे.

मुले मोठी झाली की लातूर जिल्ह्याला लागून असलेल्या बसवकल्याणची कथा सांगावी. बाराव्या शतकात तेथे चर्मकार हरळय्यांचा मुलगा आणि ब्राह्मण मधुवरसांची मुलगी यांचे लग्न झाले आणि त्यापायी दोन्ही बापांना देहदंड झाला, असे परंपरा सांगते. "ते लग्नच नव्हे" या वाक्याची मजल कोठवर जाते, हे त्यावरून कळते.

म्हणून ते वाक्य अंगणातच अडवावे. रागावून नव्हे, त्या मुलीला एवढेच म्हणावे, "बाई, उद्या बाहुलीचं लग्न तुमच्याकडच्यासारखं लावू. काय काय लागेल ते तू सांग." दुसऱ्या दिवशी सगळी मुले तिच्या भोवती गोळा होतील. जेवणाची भातुकली मात्र तीच राहील.