जलदिनाची लॅबवाली बाजू

22 मार्चचा जागतिक जलदिन म्हटला की लोकांना दिसतो तो हॉल: रांगोळी, पोस्टरं, विद्यापीठातून आलेले पाहुणे, जलप्रतिज्ञा. देवळाली कॅम्पात आम्हा लॅबवाल्यांचा जलदिन मात्र सकाळीच भगूरच्या बाजूला दारणेकाठी सुरू होतो.

पाण्यातला ऑक्सिजन मोजायचा तर पाहुण्यांची वाट बघून चालत नाही. 300 मिलीची काचेची बाटली पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची. आत एकही बुडबुडा राहता कामा नये. लगेच मँगनीज सल्फेट, पाठोपाठ अल्कली आयोडाइड. तपकिरी साका धरला की हायसं वाटतं. पांढराच राहिला, तर नदीचं काही खरं नाही. मग अॅसिड टाकून बाटल्या हॉलवर. तिथे टायट्रेशनमध्ये स्टार्चचा निळा रंग एका थेंबासरशी उडतो आणि टाळ्या पडतात.

एका वर्षी पोरांनी घरोघरच्या विहिरी-बोअरचे नमुने बिसलेरीच्या बाटल्यांतून आणून टेबलावर मांडले. स्वागत समितीतल्या एका उत्साही कार्यकर्त्याला वाटलं, कुणाच्या तरी उष्ट्या बाटल्या! पाहुणे यायच्या आत टेबल चकाचक. शेवगे दारणा, लहवित, संसरी, सगळी गावं क्रोटनच्या कुंडीत. मोटरसायकली पुन्हा गावोगाव पिटाळल्या. तेव्हापासून बाटलीवर गाव आणि वेळेखाली ठळक अक्षरांत लिहितो: ‘ओतू नये’.

दुसरा किस्सा आकड्यांचा. एका पोराने दारणेच्या एकाच जागेवरून आठवड्याच्या अंतराने पाणी घेतलं होतं. दुसऱ्या वेळी क्षार बरेच कमी निघाले. ‘काहीतरी चुकलंय, पहिलाच आकडा ठेव,’ असा सल्ला त्याला चहूबाजूंनी मिळाला. पोरगं हटेना. पाहुण्यांमध्ये मेरीतून, म्हणजे 1959 पासून नाशकात असलेल्या महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेतून, निवृत्त झालेले एक इंजिनिअर होते. त्यांनी तक्ता पाहून एवढंच विचारलं, “मधे आवर्तन सुटलं होतं का?”

सुटलं होतं! नांदगावच्या 1916 सालच्या दारणा धरणातून सोडलेलं पाणी इथूनच पुढे गोदावरीला मिळतं आणि नांदूर मध्यमेश्वरच्या बंधाऱ्यातून कालव्यांना लागतं. ताजं पाणी मिसळलं, क्षार उतरले. पोराचे दोन्ही आकडे बरोबर होते.

बक्षीस अर्थातच थर्मोकोलच्या धरणाने मारलं. पण आमच्या नोंदवहीत त्या दिवशी एक नवा रकाना आखला गेला: आवर्तन चालू की बंद?