वीस गाणी, एक तबकडी

अमेरिकेतल्या न्यू हेवन शहरात सेंट बर्नाडेट चर्चच्या तळघरात १९५६च्या फेब्रुवारीत एक प्रेमगीत ध्वनिमुद्रित झालं. ते लिहिणारा फ्रेड पॅरिस तेव्हा सैन्यात होता. रात्रीच्या पहाऱ्यावर असताना त्याला ते सुचलं होतं. गाणाऱ्यांच्या चमूचं नाव द फाइव्ह सॅटिन्स, गाण्याचं ‘इन द स्टिल ऑफ द नाइट’. त्या वर्षी ते बिलबोर्डच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत चोविसाव्या क्रमांकापर्यंत चढलं आणि यथावकाश उतरलं. यादीतून उतरलेलं गाणं त्या काळी दुकानाच्या फळीवरूनही उतरायचं. पण १९६०च्या सुरुवातीला तेच ध्वनिमुद्रण, एका सुराचाही फरक न करता, पुन्हा त्याच यादीत आलं. मधल्या काळात एकच गोष्ट घडली होती. एका माणसानं ते जुन्या गाण्यांच्या संकलनात घेतलं होतं.

रॉक संगीताच्या इतिहासात गायकांची, गीतकारांची, फार तर निर्मात्यांची नावं येतात. संकलन करणाऱ्याचं नाव सहसा तळटीपेतही नसतं. जाणकार मंडळी या स्वस्त ‘हिट गाण्यांच्या’ तबकड्यांकडे नाक मुरडत आली. मला मात्र असं ठामपणे वाटतं, की रॉकची पहिली दहा-पंधरा वर्षं आजच्या श्रोत्याच्या कानापर्यंत पोचली त्यात या तबकड्यांचा वाटा फार मोठा आहे. कंपन्यांनी टाकून दिलेलं त्यांनी सांभाळलं.

गाडीत बसून केलेली फर्माईश

फाइव्ह सॅटिन्सना परत आणणारा माणूस म्हणजे लॉस एंजेलिसचा रेडिओ निवेदक आर्ट लेबो. १९५०च्या दशकात तो स्क्रिव्हनर्स या ड्राइव्ह-इन रेस्टॉरंटमधून थेट कार्यक्रम करायचा. मुलंमुली गाड्या घेऊन यायची, खायला मागवायची आणि लेबोकडे फर्माईश करायची. हे गाणं अमकीला, तमक्याकडून. त्यात त्याच्या एक गोष्ट लक्षात आली. मुलं ताज्या गाण्यांइतकीच तीन-चार वर्षांपूर्वीची गाणी मागत होती, आणि ती दुकानात मिळत नव्हती.

त्यानं १९५७मध्ये ओरिजिनल साउंड ही स्वतःची कंपनी काढली होती. १९५९मध्ये तिच्यातर्फे ‘ओल्डीज बट गुडीज’चा पहिला भाग आला. एका बाजूला संथ, हळवी गाणी. दुसऱ्या बाजूला ठेक्याची. महत्त्वाचं हे, की ही गाणी निरनिराळ्या कंपन्यांची होती. प्रत्येकीकडून रीतसर परवाना घेऊन ती एका तबकडीवर आणणं हा तेव्हा नवा उद्योग होता. तो अल्बम बिलबोर्डच्या यादीत तीन वर्षांहून अधिक काळ राहिला. लेबो २०२२मध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी वारला. अखेरपर्यंत तो रेडिओवर लोकांच्या फर्माईशी वाजवत होता.

तवे विकता विकता

दुसरा माणूस संगीतातला नव्हेच. फिलिप काइव्ह्स १९२९मध्ये कॅनडाच्या सस्कॅचेवान प्रांतात एका शेतकरी कुटुंबात जन्मला. दारोदार भांडी विकून तो पुढे आला. १९६२मध्ये त्यानं अन्न न चिकटणाऱ्या तव्याची पाच मिनिटांची जाहिरात टीव्हीवर केली आणि तवे धडाधड खपले. मग भाजी चिरायची यंत्रं, चाकू, घरगुती वापराच्या नाना वस्तू. १९६६मध्ये त्यानं याच पद्धतीनं पंचवीस कंट्री गाण्यांची एक तबकडी विकून पाहिली. तीही खपली. त्यातून विनिपेग शहरातली के-टेल ही कंपनी जगभर पोचली.

के-टेलचं गणित साधं होतं. गाणं आधीच ध्वनिमुद्रित झालेलं, त्यामुळे स्टुडिओचा, वादकांचा खर्च नाही. लोकांना ते ठाऊक असल्यानं नव्यानं ओळख करून द्यायची गरज नाही. खर्च उरतो परवान्याचा, छपाईचा आणि जाहिरातीचा. टीव्हीवर एकेका गाण्याची दोन-चार सेकंदांची झलक ऐकवायची, पडद्यावर नावांची यादी सरकवायची आणि एका अल्बमच्या पैशात वीस-बावीस गाणी द्यायची. खिशात मोजके पैसे असलेल्या शाळकरी मुलांसाठी घरातला पहिला रॉक अल्बम बहुतेकदा असाच आला.

ब्रिटनमध्ये याहूनही स्वस्त माल होता. ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या नावाच्या मालिकेत गाजलेली गाणी निनावी गायकांकडून हुबेहूब गाऊन घेतलेली असत. प्रसिद्धी मिळण्याआधी एल्टन जॉननंही अशा नकली आवृत्त्या गाऊन पोट भरलं होतं. १९७१मध्ये या मालिकेचे भाग तिथल्या अल्बमच्या यादीत थेट पहिल्या क्रमांकावर गेले. पुढच्या वर्षी अशा स्वस्त तबकड्यांना मुख्य यादीतून वगळण्यात आलं. त्याच १९७२मध्ये के-टेल ब्रिटनमध्ये उतरली ती ‘मूळ गाणी, मूळ कलाकार’ अशी द्वाही फिरवत, आणि तिच्या ‘ट्वेंटी डायनॅमिक हिट्स’नं पहिला क्रमांक पटकावला.

स्वस्ताईची किंमत

वीस गाण्यांची किंमत कुठेतरी मोजावी लागतेच. एलपीच्या एका बाजूवर साधारण वीस-बावीस मिनिटांचं संगीत नीट बसतं. तबकडीवरच्या खाचेची रुंदी आवाजावर ठरते. आवाज मोठा आणि ढाला स्वर भरदार, तर खाच रुंद. एका बाजूवर तीस मिनिटं बसवायची तर खाचा दाटीवाटीनं कोराव्या लागतात. म्हणजे आवाज लहान करायचा, ढाले स्वर छाटायचे. तेवढ्यानंही भागलं नाही तर गाण्यालाच कात्री. एखादं कडवं गाळायचं, मधलं गिटारवादन तोडायचं, शेवट लवकर मिटवायचा. त्या पिढीतल्या अनेकांना मूळ गाणं पुढे पूर्ण ऐकायला मिळालं तेव्हा ते अनोळखी वाटलं, कारण डोक्यात बसलेली होती ती कापलेली आवृत्ती.

कलाकारांचा हिशेबही बघायला हवा. अमेरिकेत १५ फेब्रुवारी १९७२च्या आधीच्या ध्वनिमुद्रणांना केंद्रीय कॉपीराइट कायद्याचं संरक्षणच नव्हतं. वेगवेगळ्या राज्यांचे वेगवेगळे नियम होते. डिजिटल रेडिओवर वाजणाऱ्या अशा जुन्या ध्वनिमुद्रणांचं मानधन २०१८च्या म्युझिक मॉडर्नायझेशन कायद्यानंतर रीतसर सुरू झालं. तोवर कित्येक गायक-वादक हयात नव्हते. गाणी जगली, पण ती जगवल्याचा पैसा गाणाऱ्यांच्या घरी पोचलाच असं नाही.

लेनी केची निवड

निवडीची ताकद सर्वांत स्पष्ट दिसते ती ‘नगेट्स’ या संकलनात. इलेक्ट्रा कंपनीचा प्रमुख जॅक होल्झमन यानं हे काम लेनी के या पंचविशीतल्या तरुणावर सोपवलं. लेनी न्यूयॉर्कमधल्या जुन्या तबकड्यांच्या दुकानात काम करायचा आणि संगीतावर लिहायचा. १९७२मध्ये आलेल्या या जोड-अल्बमात १९६५ ते १९६८ या काळातली सत्तावीस गाणी होती. बहुतेक बँड एखाद्या गाण्यापुरते चमकून गेलेले, गॅरेजमध्ये सराव करणाऱ्या विशीतल्या पोरांचे. अवघ्या चार ते सात वर्षांपूर्वीची ही गाणी तेव्हा विस्मरणात गेली होती.

त्यातलं ‘मोल्टी’ हे गाणं मुद्दाम ऐकावं. द बार्बेरियन्स या बँडचा ड्रमवादक व्हिक्टर मोल्टन याचा एक हात लहानपणी स्फोटात गेला होता. त्या जागी आकडा बसवून तो ड्रम वाजवायचा. गाण्यात तो स्वतःची कहाणी बोलून दाखवतो आणि ऐकणाऱ्याला खचू नकोस असं सांगतो. साथीला आहेत पुढे ‘द बँड’ म्हणून गाजलेल्या चमूतले वादक. असं गाणं कुठल्याही ‘सर्वश्रेष्ठ शंभर’च्या यादीत येणार नाही. ते टिकलं, कारण एका जाणत्या श्रोत्याला ते मोलाचं वाटलं. याच अल्बमातलं स्टँडेल्सचं ‘डर्टी वॉटर’ हे लॉस एंजेलिसच्या बँडनं बॉस्टनवर गायलेलं गाणं आहे. १९९७पासून बॉस्टनचा रेड सॉक्स बेसबॉल संघ घरच्या मैदानावर जिंकला की ते वाजतं.

लेनीनं प्रत्येक बँडवर टिपण लिहिलं आणि या संगीताला ‘पंक रॉक’ म्हटलं. अल्बम सुरुवातीला फारसा खपला नाही. १९७६मध्ये सायर कंपनीनं तो पुन्हा काढला, आणि त्याच वर्षी, त्याच कंपनीकडून रमोन्स या पंक बँडचा पहिला अल्बम आला. जुन्या गाण्यांची निवड नव्या संगीताला दिशा देऊ शकते याचा याहून चांगला दाखला मला माहीत नाही. १९९८मध्ये ऱ्हायनो कंपनीनं ‘नगेट्स’ चार सीडींच्या संचात वाढवला. त्यात ११८ गाणी होती.

षण्मुखानंदमधलं रॉक

याच धाटणीच्या दोन तबकड्या आपल्या मुंबईशी जोडलेल्या आहेत. सिमला नावाची सिगारेट खपावी म्हणून तंबाखू कंपनीनं अखिल भारतीय ‘सिमला बीट’ स्पर्धा भरवली. षण्मुखानंद सभागृहात, जिथं एरवी शास्त्रीय संगीताच्या मैफली रंगायच्या, तिथं देशभरातले तरुण बँड विजेवरच्या गिटारी घेऊन उभे राहिले. निवडक बँडच्या गाण्यांच्या १९७० आणि १९७१ अशा दोन एलपी निघाल्या. शिलाँगचे फेंटोन्स, कलकत्त्याचा ग्रेट बेअर, मुंबईचा व्हेल्व्हेट फॉग ही त्यांतली काही नावं. परदेशी गाण्यांच्या जोडीला काहींनी स्वतः रचलेली गाणीही सादर केली.

जाहिरातीसाठी काढलेल्या या तबकड्या आज त्या काळच्या भारतीय रॉकचा मोलाचा ध्वनी-पुरावा आहेत. परदेशातल्या संग्राहकांनी त्या शोधल्या, पुन्हा छापल्या. सिद्धार्थ भाटिया यांचं ‘इंडिया सायकेडेलिक’ हे २०१४चं पुस्तक या पिढीची हकिगत सांगतं. पण मराठीत या विषयावर लिहिलं गेलंय ते फारच थोडं.

हातात आलेला अल्बम कसा वाचावा

जुन्या बाजारात, रद्दीवाल्याकडे किंवा नातेवाइकांच्या माळ्यावर असा एखादा अल्बम मिळाला तर आधी मागची बारीक छपाई वाचा. ‘मूळ कलाकार’ लिहिलं म्हणजे मूळ ध्वनिमुद्रण असेलच असं नाही. गायकांनी उतारवयात तीच गाणी पुन्हा गाऊन दिल्याचे स्वस्त संच बाजारात भरपूर आहेत. ‘री-रेकॉर्डेड’ हा शब्द कोपऱ्यात कुठेतरी असतो. वर्तुळातल्या इंग्रजी ‘पी’ अक्षरापुढचं वर्ष ध्वनिमुद्रण प्रथम प्रकाशित झाल्याचं सांगतं. गाण्याची लांबी मूळ तबकडीशी ताडून पाहिली, की कात्री कुठे लागली तेही कळतं.

आणि तो अल्बम टाकू नका. १ जून २००८ला हॉलिवूडच्या युनिव्हर्सल स्टुडिओतल्या आगीत मूळ टेपांचा मोठा साठा जळाला. नेमकं किती गेलं यावर वाद आहे, पण जगातल्या सर्वांत मोठ्या संगीत कंपनीची मूळ प्रतही सुरक्षित नसते एवढं त्यातून सिद्ध झालं. अशा वेळी घरोघरी विखुरलेल्या स्वस्त प्रतीच कामी येतात.

आपल्याकडे ध्वनिमुद्रणाचा कॉपीराइट प्रकाशनाच्या पुढच्या वर्षापासून साठ वर्षं असतो. म्हणजे १९७०ची सिमला बीट तबकडी २०३० संपताच ध्वनिमुद्रण म्हणून मुक्त होईल; त्यातल्या रचनांचे हक्क मात्र वेगळे राहतील. त्या दिवशी ती तबकडी वाजवता येईल, पण तिच्यावर कोण वाजवतंय हे सांगणारं कोणी हवं ना? षण्मुखानंदमध्ये तेव्हा वाजवणारे आणि टाळ्या वाजवणारे आज सत्तरी ओलांडून गेले आहेत. तुमच्या घरात, शेजारात असं कोणी असेल, तर या दिवाळीत त्यांच्याकडे जा, बँडमधल्या सगळ्यांची नावं विचारा, फोटोंच्या मागे ती लिहा आणि त्यांची आठवण फोनवर ध्वनिमुद्रित करून ठेवा.