धुराचा ताळेबंद

मागच्या महिन्यात मंडळात चहा घेताना एका तरुण सभासदाने विचारले, "काका, कारखानदार स्वतःहून प्रदूषण कमी करतात, हे खरं वाटतं तुम्हाला?" भोपाळमध्ये या प्रश्नाला नुसते हो किंवा नाही म्हणून भागत नाही. म्हणून थोडे सविस्तर लिहीत आहोत.

१९८४ साली आम्ही बँकेत नवीनच होतो. २ डिसेंबरच्या रात्री युनियन कार्बाइडच्या टाकीतून सुमारे ४० टन मिथाइल आयसोसायनेट बाहेर पडले. पुढचे आपण सगळे जाणतो. पण भिंतीपलीकडच्या वस्त्यांना आत काय साठवले आहे हे ठाऊकच नव्हते, ही गोष्ट आम्हाला अजून बोचते. ऑगस्ट १९८५ मध्ये याच कंपनीच्या अमेरिकेतल्या, वेस्ट व्हर्जिनियामधल्या कारखान्यातही गळती झाली. मग १९८६ मध्ये तिथे कायदा आला. कोणते विषारी रसायन किती बाहेर सोडले, त्याचा आकडा कारखान्याने दरवर्षी द्यायचा आणि सरकारने तो लोकांपुढे ठेवायचा. त्या आकड्यांच्या कलमात 'कमी करा' असे म्हटलेले नव्हते, फक्त 'सांगा' एवढेच होते.

आकडे बाहेर आल्यावर कंपन्यांना लोकांना तोंड द्यावे लागले. १९९१ मध्ये तिथल्या पर्यावरण खात्याने '३३/५०' नावाची योजना आणली. शिसे, पारा, बेंझिन अशी १७ रसायने निवडली. १९८८ हे वर्ष पायाभूत धरून १९९२ पर्यंत ३३ टक्के आणि १९९५ पर्यंत ५० टक्के घट करायची होती. सक्ती नाही, सामील न होणाऱ्याला दंड नाही. तरी सुमारे १३०० कंपन्या आल्या आणि ५० टक्क्यांचे उद्दिष्ट वर्षभर आधीच, १९९४ मध्ये गाठले गेले.

आता आमच्यातला बँकवाला बोलतो. हिशेब १९८८ पासूनचा आणि योजना १९९१ ची. म्हणजे काही घट योजनेआधीचीच, शिवाय काही घट सामील न झालेल्या कंपन्यांचीही. सगळे श्रेय योजनेच्या खात्यात जमा करता येत नाही. पण आकडा उघडा होता, म्हणून तर ही चूक पकडता आली!

आपल्याकडेही मार्च २००३ मध्ये केंद्र सरकार आणि उद्योग यांनी मिळून एक सनद केली. साखर, सिमेंट, कागद, चामडे अशा १७ प्रकारच्या उद्योगांनी ठरावीक मुदतीत काय करायचे ते तीत लिहिले होते. त्याआधी, १९९३ पासून, कारखान्यांना फॉर्म पाच भरावा लागू लागला. ३१ मार्चला संपलेल्या वर्षात किती पाणी, किती कच्चा माल वापरला, किती घाण बाहेर गेली, हे ३० सप्टेंबरपर्यंत प्रदूषण बोर्डाला कळवायचे. तारखा अगदी आमच्या ओळखीच्या. फरक इतकाच की कंपनीचा ताळेबंद भागधारक वाचतात आणि हे विवरण सहसा बोर्डाच्या फायलीतच राहते.

आम्हीही वेगळे नव्हतो. कर्जाच्या फायलीत बोर्डाचे संमतिपत्र लावलेले आहे ना, एवढेच पाहायचो. आतला आकडा कधी विचारला नाही.

महाराष्ट्राने २०१७ मध्ये एक पाऊल पुढे टाकले. चिमणीतून निघणाऱ्या धुळीच्या मोजमापावरून कारखान्यांना एक ते पाच तारे द्यायला सुरुवात केली आणि ते संकेतस्थळावर सगळ्यांसाठी ठेवले. मंडीदीप आणि गोविंदपुऱ्यासाठी असे काही झाले तर आम्हाला आवडेल.

तोवर, आपल्या सभासदांपैकी ज्यांचे कारखाने आहेत किंवा ज्यांची मुले तिथे नोकरीला आहेत, त्यांनी सप्टेंबरचा फॉर्म पाच एकदा मंडळात (आपल्या, बोर्डाच्या नव्हे) घेऊन यावा. एकत्र बसून वाचू. चहा आमच्याकडून.