तंबोऱ्याचा भोपळा आणि स्पीकरचा डबा

"आवाज गोड हवाय ना? मग लाकडी डब्याचेच घ्या." पुण्याच्या विश्रांतवाडीत कुणी नव्या फ्लॅटमध्ये राहायला आलं आणि स्टिरिओ घ्यायचं ठरलं, की हा सल्ला मिळतोच. दुकानदार देतो, मेहुणा देतो, लिफ्टमध्ये भेटलेले काकाही देतात. पुरावा एकच : "आमचा जुना रेडिओ आठवा!"

आठवू या. मीडियम वेव्हवर शेजारच्या केंद्रांमध्ये ९ किलोहर्ट्झचं अंतर असतं. आकाशवाणी पुणे ७९२ वर, पुढची जागा ८०१ वर. त्यामुळे साडेचार-पाच किलोहर्ट्झच्या वरचा आवाज जवळपास येतच नसे. झांजेची चमक, 'स'चा सिसकारा, सगळं छाटलेलं. मागे उरायचा तो मऊपणा. श्रेय मात्र लाटलं डब्यानं!

तंबोऱ्याचा भोपळा बोलला पाहिजे. स्पीकरचा डबा गप्प बसला पाहिजे. वूफरचा, म्हणजे खर्ज वाजवणाऱ्या मोठ्या स्पीकरचा, पडदा पुढे हवा ढकलतो तेव्हा मागची हवा ओढतो. या दोन लाटा मोकळ्या भेटल्या, तर खर्ज पुसला जातो. मागची लाट ताब्यात ठेवायची आणि स्वतः थरथरायचं नाही, एवढंच डब्याचं काम. तो थरथरला, तर भीमसेनांच्या षड्जात स्वतःचा सूर घुसडतो. पातळ प्लास्टिकपेक्षा जाड, जड डबा बरा, इतकं त्या सल्ल्यात खरं आहे. पण स्वस्तातला 'लाकडी' डबा बहुधा एमडीएफचा, म्हणजे दाबलेल्या लाकडी भुशाचा असतो. वर दिसतं ते सागवान म्हणजे सागवानाचा फोटो.

"पण मला फरक ऐकू येतो!" येत असेल, डोळ्यांना. ध्वनिसंशोधक फ्लॉइड टूल आणि शॉन ऑलिव्ह यांनी १९९४ मध्ये तेच स्पीकर त्याच श्रोत्यांना एकदा पडद्याआड आणि एकदा उघड ऐकवले. स्पीकर दिसले की मतं बदलली, आणि छोट्या, स्वस्त प्लास्टिकच्या संचाचे गुण घसरले. आवाज तोच होता.

मग कानाला टोचतं काय? बहुतेकदा आपला हॉल. चकचकीत फरशी, सरकती काच, उघड्या भिंती. मधोमध उभं राहून टाळी वाजवा; खणखणाट परत आला, तर कुठलाही स्पीकर चिरकाच वाटणार. आधी जाड सतरंजी अंथरा, पडदे ओढा. ट्वीटर, म्हणजे वरचे सूर वाजवणारा छोटा स्पीकर, कानाच्या उंचीवर आणा. स्पीकर भिंतीजवळ सरकवला की खर्ज भरतो; फार घुमला तर वीतभर पुढे ओढा. तोंड थेट कानाकडे न ठेवता जरा सरळ केलं, तर वरची धार कमी होते. खर्च सतरंजीचा.

बाकीचे गैरसमज थोडक्यात :

"५००० वॅट पीएमपीओ!" या आकड्याला कुठलंही प्रमाण नाही, आरएमएस, म्हणजे सतत मिळणारे वॅट विचारा.

"दुप्पट वॅट, दुप्पट आवाज." वाढतो फक्त ३ डेसिबल.

"महागड्या वायरनं गोडवा येतो." दहा फुटांना साधी, पुरेशी जाड तांब्याची वायर पुरते. एका स्पीकरची लाल-काळी उलटी लागली, तर मात्र खर्ज गायब.

"जुनं ते सोनं." वूफरची फोमची कड बोटानं हळूच दाबून पाहा, भुगा पडला, तर सोनं नव्हे.

तेव्हा स्पीकर घ्यायला तपकीर गल्लीत जाताना ओळखीचं गाणं सोबत न्या आणि डोळे मिटून ऐका. आणि निघण्यापूर्वी, घरात टाळी वाजवायला विसरू नका.