घराची किल्ली देण्याआधी

मैत्रिणींनो, उन्हाळ्याच्या तोंडावर माठ घ्यायला गेलो की आपण काय करतो? माठ उचलून उजेडाकडे धरतो, आत डोकावतो, चार ठिकाणी टिचकी मारतो आणि आवाज खणखणीत आला तरच पैसे काढतो. नारळ घेताना कानाशी हलवून पाहतो. लेकीला स्थळ आलं तर मुलाच्या आजोळापर्यंत माणूस पाठवून चौकशी करतो. आणि जिच्या हाती तान्हं मूल, अंथरुणाला खिळलेल्या सासूबाई आणि घराची किल्ली सोपवायची, तिची चौकशी? ‘समोरच्या बिल्डिंगमध्ये काम करते, बरी दिसते हो!’ एवढ्यावर आपली चौकशी संपते.

तुम्ही म्हणाल, कामाला बाई मिळते कुठे, आणि मिळाली तर तिला प्रश्न विचारून घालवायची कुठे? खरं आहे. मीही अगदी असंच म्हणत होते. म्हणूनच आज स्वतःच्या घरातली एक गोष्ट सांगते. सांगायला लाज वाटते, पण सांगते.

सासूबाई न्हाणीघरात पाय घसरून पडल्या आणि त्यांचं खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, घरी आणलं. मला नोकरी, ह्यांची फिरती. चोवीस तासांची बाई हवीच होती. एका ब्यूरोला फोन केला, तर दुसऱ्या दिवशी सकाळी बाई दारात हजर! ब्यूरोवाल्याने आधार कार्डाची झेरॉक्स दिली, एका महिन्याचं कमिशन घेतलं आणि म्हणाला, “ताई, बिनघोर राहा.” त्या झेरॉक्सवर एका जुन्या घराचा फोन नंबरही लिहिलेला होता. तो कागद मी फ्रिजवरच्या डब्याखाली ठेवला आणि विसरून गेले. बाई चटपटीत होती. सासूबाईंना वेळेवर औषध, गरम पाणी, सगळं व्यवस्थित. मी खूश.

दीड महिन्याने सासूबाईंच्या पाटल्या कपाटातून गेल्या. आता संशय कोणावर जावा? आमच्याकडे अकरा वर्षं पोळ्या करणाऱ्या मावशींवर! का, तर त्याच आठवड्यात त्यांनी मुलाच्या फीसाठी पैसे उसने मागितले होते. मी त्यांना ‘चोर’ म्हटलं नाही. पण ओट्याशी उभं राहून विचारलं, “मावशी, तुम्ही आतल्या खोलीत गेला होता का?” त्यांनी हातातली पोळी तव्यावरून उतरवली, गॅस बंद केला, हात धुतले आणि पदराला पुसत निघून गेल्या. पुन्हा आल्या नाहीत.

पुढच्याच आठवड्यात चोवीस तासांची बाई ‘गावाला जाऊन येते’ म्हणून गेली ती गेलीच. फोन बंद. ब्यूरोवाला म्हणाला, “आमची जबाबदारी नाही.” तेव्हा मी डब्याखालचा कागद काढून तो नंबर फिरवला. पलीकडच्या बाई शांतपणे म्हणाल्या, “आमच्याकडूनही कानातलं गेलं होतं. पण म्हटलं, कशाला कोणाच्या पोटावर पाय द्या!”

पाच मिनिटांचा एक फोन. तो आधी केला असता तर पाटल्याही राहिल्या असत्या आणि मावशीही. पाटल्यांचं दुःख केव्हाच विसरले. मावशींचं अजून विसरत नाही.

चौकशी वेगळी, संशय वेगळा

आपल्याला वाटतं, चौकशी करणं म्हणजे त्या बाईवर अविश्वास दाखवणं. उलट आहे बरं का! चौकशी आपण आधी करतो, शांत डोक्याने, आणि सगळ्यांची सारखी करतो. संशय नंतर येतो, घाबरलेल्या डोक्याने, आणि तो नेहमी घरातल्या सर्वांत गरीब माणसावर जाऊन बसतो.

२०१७ सालच्या सप्टेंबरात गुरुग्राममधल्या एका शाळेत सात वर्षांच्या मुलाचा खून झाला, ते तुम्हाला आठवत असेल. पोलिसांनी लगेच शाळेच्या बसच्या कंडक्टरला पकडलं. साऱ्या देशाने त्याला शिव्याशाप दिले. पुढे तपास सीबीआयकडे गेला, आणि त्यांनी त्याच शाळेतल्या एका मोठ्या विद्यार्थ्याला ताब्यात घेतलं. २०१८ मध्ये न्यायालयाने त्या कंडक्टरला आरोपातून मुक्त केलं. पण मधल्या काळात त्याच्या बायकापोरांनी काय सोसलं असेल, याचा विचार करा. त्या घटनेनंतर सीबीएसईने आपल्या शाळांना सर्व कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्यायला सांगितलं. म्हणजे शहाणपण सुचलं, पण वरातीमागून!

पाळणाघराचंही तसंच. २०१६ मध्ये नवी मुंबईतल्या खारघरच्या एका पाळणाघरात आया दहा महिन्यांच्या मुलीला मारहाण करताना कॅमेऱ्यात दिसली, तेव्हा घराघरांतल्या आयांच्या काळजाचं पाणी झालं. मूल पाळणाघरात ठेवताना आपण भिंतीवरची चित्रं पाहतो, खेळणी पाहतो, फी विचारतो. “इथल्या बायकांना कामावर घेताना तुम्ही काय काय चौकशी केलीत?” हा प्रश्न विचारायला मात्र जीभ अडखळते. ती अडखळू देऊ नका. सोसायटीच्या सभेतही हा विषय काढा. खाजगी सुरक्षा एजन्सींसाठी २००५ चा कायदा आहे. त्याप्रमाणे रखवालदार नेमण्याआधी एजन्सीने त्याची पूर्वपीठिका तपासून खात्री करून घ्यायलाच हवी. “तो कागद दाखवा,” असं म्हणण्याचा तुम्हाला हक्क आहे.

मग चौकशी करायची कशी?

पहिली गोष्ट ओळखीची. आधार कार्ड मूळ पाहा, झेरॉक्सवर भागवू नका. कार्डावरचा क्यूआर कोड आधारच्या अधिकृत ॲपने मोबाईलवर तपासता येतो. सध्याचा पत्ता, गावचा पत्ता आणि घरातल्या एका माणसाचा फोन लिहून घ्या. पण एक लक्षात ठेवा, आधार कार्ड माणूस ‘कोण’ आहे ते सांगतं, ‘कसा’ आहे ते नाही. शिवाय मूळ कार्ड स्वतःजवळ ठेवून घेऊ नका, ते तिचं आहे. ड्रायव्हर ठेवत असाल तर त्याचं लायसन्स चालू आहे की नाही, हे परिवहन खात्याच्या संकेतस्थळावर पाहता येतं.

दुसरी गोष्ट जुन्या घरांची, आणि हीच सर्वांत महत्त्वाची. निदान दोन घरी विचारा. जवळ असेल तर संध्याकाळी पाय मोकळे करायला म्हणून जाऊन या. ‘बाई कशी आहे?’ असं विचारलंत तर ‘चांगली आहे’ हेच उत्तर येणार. त्याऐवजी असं विचारा: किती वर्षं होती? काम का सुटलं? लहान मूल किंवा आजारी माणूस तिच्यावर सोपवून तुम्ही बाहेर जात होता का? आणि शेवटी, ‘तुम्ही तिला पुन्हा ठेवाल का?’ या शेवटच्या प्रश्नाला पलीकडची बाई क्षणभर थांबली, तर त्या थांबण्यातच उत्तर आहे. नंबर ब्यूरोने दिला असेल तर जरा जपून. पलीकडे तिचीच बहीण बोलत असू शकते. घर कितव्या मजल्यावर, घरात माणसं किती, हे सहज बोलता बोलता विचारा आणि दोघींचं जुळतं का पाहा.

तिसरी गोष्ट पोलिसांची. जवळच्या पोलीस ठाण्यात घरकामगाराची माहिती फोटोसह देऊन ठेवा. महाराष्ट्रात पोलिसांच्या संकेतस्थळावरून चारित्र्य पडताळणीच्या दाखल्यासाठीही अर्ज करता येतो. २०१८ पासून लैंगिक गुन्हेगारांची देशभराची नोंद ठेवली जाते, पण ती फक्त तपास यंत्रणांना पाहता येते, तुम्हाआम्हाला नाही. म्हणून घरात लहान मुलं असतील तर हा अर्जाचा कंटाळा करू नका. अर्थात ज्याच्यावर कधी तक्रारच झाली नाही, त्याचा कागद कोराच येणार. म्हणून जुन्या घरची चौकशी सुटत नाही.

चौथी गोष्ट पहिल्या आठवड्याची. शक्य असेल तर रजा काढा. बाळाला ती कशी उचलते, ते रडलं की तिचा चेहरा कसा होतो, आजीशी चढ्या आवाजात बोलते का, हे कुठल्याही कागदावर लिहिलेलं नसतं.

काय विचारू नये, तेही सांगते. जात, धर्म, नवरा का सोडला, याचा भांडी घासण्याशी काही संबंध नाही. तिचा फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकून ‘हिला कोणी ओळखतं का?’ असं विचारू नका. तुमच्या मुलीचा फोटो असा कोणी फिरवलेला चालेल का? वय मात्र जरूर विचारा. चौदा वर्षांखालच्या मुलीला घरकामाला ठेवायला २००६ पासून बंदी आहे.

आणि हे सगळं तिच्या पाठीमागे नको. सरळ सांगा, “बाई, आमच्या घरी येणाऱ्या प्रत्येकाचं आम्ही असं विचारतो. तुम्हीही आमच्याबद्दल खुशाल विचारा.” पगार, सुट्टी, कामाच्या वेळा एका कागदावर लिहा, एक प्रत तिला द्या. प्रामाणिक बाईला याचा राग येत नाही. उलट उद्या काही हरवलं, तर पहिलं बोट आपल्यावर येणार नाही, हा तिला दिलासाच असतो.

उद्या तुम्हाला फोन आला तर?

आता जरा अवघड भाग. तुमच्याकडून गेलेल्या बाईबद्दल उद्या कोणी तुम्हाला विचारील, तेव्हा तुम्ही काय सांगाल? ‘कशाला कोणाच्या पोटावर पाय’ असं म्हणून गप्प बसाल, तर दुसऱ्या एखाद्या मावशीच्या पोटावर पाय पडेल. पण रागापोटी किंवा ती आपल्याला सोडून गेली म्हणून तिखटमीठ लावणं हेही तितकंच वाईट. डोळ्यांनी पाहिलं तेवढंच सांगावं. “खाडे फार करायची, पण हात स्वच्छ,” एवढं खरं वाक्य दोन्ही घरांचं कल्याण करतं.

पाटल्यांचं कळल्यावर मी मावशींच्या घरी गेले. माफी मागितली. त्यांनी चहा केला, बशीत बिस्किटं दिली, सासूबाईंची चौकशी केली. “परत या,” म्हटलं, तर हसल्या आणि म्हणाल्या, “वहिनी, काम धरताना आम्हीसुद्धा घराची चौकशी करतो. तुमची केली होती. सगळ्यांनी चांगलंच सांगितलं होतं.”

मी मान खाली घालून जिना उतरले. त्या दिवसापासून आमच्याकडे कोणीही कामाला येणार असलं, की आधी फोन करते, मगच किल्ली देते. तुमच्याही फ्रिजवर डब्याखाली असा एखादा कागद असेल, तर आजच काढा आणि तो नंबर फिरवा.